चिंचेच्या पाण्यातल्या पुंगळ्या

छंदिष्ट माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. त्यातही ज्यांना आपल्या छंदाबद्दल बोलताना समोरच्याची जांभई दिसत नाही, त्यांचा जास्त. मी स्वतः त्यांच्यातलाच होतो, म्हणून हे हक्कानं सांगतोय. काही वर्षांपूर्वी मला कुणी सहज विचारलं असतं की रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांत फरक काय, तर मी त्याची अख्खी संध्याकाळ खाल्ली असती. आज कुणी विचारलं तर मी चहाचं बघून येतो म्हणून उठतो.

मी मूळचा पुण्याचा. घरात शस्त्र म्हणावं असं काही असेल तर ते विळी. जबल अलीच्या एका कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळतो आणि शारजात अल मजाजला सातव्या मजल्यावर राहतो. लग्नाच्या आधी कंपनीनं मला आठ महिन्यांसाठी टेक्सासच्या गोदामात पाठवलं होतं. हे सगळं तिथून सुरू झालं. तिथला मुख्य, साठीचा, बायको वारलेला एकटा माणूस. शनिवारी एकटा काय करतोस म्हणून त्यानं मला घरी बोलावलं आणि गाडीच्या शेडमध्ये नेलं. तिथे लांब टेबल, त्यावर पक्कं बसवलेलं एक दांड्याचं यंत्र, सोनाराकडे असतो तसा इवलासा काटा आणि खोक्यांतून ओळीनं लावलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या होत्या. तो आपली काडतुसं स्वतः भरायचा. उडवलेल्या पुंगळ्या जमवायच्या, धुवायच्या, यंत्रात घालून पुन्हा आकारात आणायच्या, मग बंदुकीची दारू, मग वर शिशाची गोळी. हे करताना तो रेडिओ लावायचा नाही, फोन घ्यायचा नाही, माझ्याशी बोलायचा नाही. दांडा खाली, दांडा वर. मला ते इतकं आवडलं की मी पुढचा एकही शनिवार चुकवला नाही.

त्याच्याकडे एक खण भरून लाकडी मुठी होत्या. माझा हात लहान, त्यामुळे कारखान्यातून आलेल्या मुठीवर माझं बोट चापापर्यंत जेमतेम पोचायचं. त्यानं अक्रोडाचा एक तुकडा घेतला, कागदावर माझा पंजा ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढली आणि दोन शनिवार कानशीनं घासत बसला. ती मूठ बसवून रिव्हॉल्व्हर हातात घेतलं तेव्हा आईचं लाटणं आईच्या हातात बसतं तसं ते बसलं. मला खोटं बोलायचं नाहीये. तो आनंद खरा होता, आणि इतक्या वर्षांनीही माझ्या पंजाला तो आठवतो, याची मला शिसारी येते.

एक गोष्ट मात्र तो माणूस न चुकता करायचा. काम संपलं की बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा, त्यासाठी वेगळा साबण ठेवलेला, आणि अंगावरचे कपडे बदलल्याशिवाय घरात पाऊल टाकायचा नाही. शेडमध्ये पाण्याचा घोटही घेऊ द्यायचा नाही. उडवलेल्या पुंगळीत जी काजळी राहते तिच्यात शिसं असतं, पोटात गेलं तर वाईट, असं त्यानं मला दोनतीनदा सांगितलं होतं. विमानात ती बाई सीटबेल्ट लावून दाखवते तेव्हा आपण जितकं ऐकतो तितकं मी ऐकलं. पण ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी कुणालाही म्हणू शकत नाही.

शारजाला परत आलो, लग्न झालं, आणि तो कंड काही जाईना. इथे आपल्यासारख्यानं रिव्हॉल्व्हर घरी ठेवायचा प्रश्नच नाही. शहराबाहेर एक क्लब आहे, तिथे पैसे भरून त्यांचं रिव्हॉल्व्हर, त्यांची काडतुसं, त्यांच्या माणसाच्या नजरेखाली उडवायची आणि घरी यायचं. पन्नास काडतुसांचे दीडशे दिरहॅम. बायकोनं पहिल्याच वेळी मोठ्यानं हिशेब केला, "म्हणजे साडेतीन हजार रुपये, आणि घरी काय आणलंस? कानात गुंईं?" ती बँकेत आहे, तिला असले हिशेब तोंडपाठ. पण तेव्हा ती हसत होती.

क्लबच्या रिव्हॉल्व्हरला काळ्या रबराची मूठ होती. दिवसभरात पन्नास जणांनी ती घामट हातांनी दाबलेली, चिकट, कडेला सोललेली. ती हातात घेताना सार्वजनिक संडासाची कडी धरल्यासारखं वाटायचं. म्हणून मी स्वतःची मूठ करायचं ठरवलं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात रत्नागिरीकडच्या एका चाचांचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. त्यांच्याकडे शिसवीचे उरलेले तुकडे मागितले. कशाला हवेत, तर मी म्हणालो, सुरीला मूठ करायचीय. मी काढून नेलेलं मुठीचं चित्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, सुरी जरा वाकडीच दिसते तुमची. पण तुकडे दिले, पैसे घेतले नाहीत, वर पॉलिश कसं मारायचं ते शिकवलं.

स्वयंपाकघराला लागून आमची एक छोटी स्टोअररूम आहे. तिथे बसून मी अकरा जोड मुठी केल्या. जे रिव्हॉल्व्हर माझं नव्हतं, कधी होणार नव्हतं, त्याच्यासाठी अकरा. डाळीच्या डब्यांवर शिसवीचा भुसा बसायचा, बायको पुसायची. क्लबवरचा माणूस पेशावरचा, भारदस्त मिशांचा. त्याच्यामागे मी वर्षभर लागलो होतो की एकदा माझी मूठ लावू दे. शेवटी एका रिकाम्या दुपारी त्यानं स्वतः स्क्रू काढून लावून दिली. म्हणाला, "दस मिनट, भाईसाब. फिर खलास." मी चक्रीतली सहा घरं भरली आणि सहा गोळ्या उडवल्या. सहाही नेमक्या लागल्या असं नाही, पण त्या दिवशी घरी येताना दोन तासांच्या ट्रॅफिकमध्ये मी शिट्टी वाजवत होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा नुसता एक चक्रम माणसाचा छंद झाला असता. पण मला काडतुसं भरण्याची आठवण यायची. दारू वगैरे इथे मिळणार नाही हे कळत होतं, आणि ती शोधण्याइतका मी वेडा नव्हतो. पण निम्मं काम, म्हणजे पुंगळ्या धुणं, चकचकीत करणं, मापानं निवडून खोक्यात लावणं, हे तर दारूशिवायही होतं. म्हणून मी क्लबातून रिकाम्या पुंगळ्या आणायला लागलो. आणायला मनाई होती. दारातच तीन भाषांत पाटी होती. तर पस्तिशीचा, एमबीए झालेला, हाताखाली चाळीस माणसं असलेला मी, मोज्यात सहा-सहा पुंगळ्या कोंबून पार्किंगपर्यंत लंगडत जायचो. हे लिहितानाही लाज वाटते. एका भंगाराच्या तुकड्यासाठी माणूस किती हलकट होऊ शकतो हे मला दुसऱ्या कुणाकडून शिकावं लागलं नाही.

बायकोला कळलं ते वॉशिंग मशीनमुळे. ड्रममध्ये काहीतरी खडखडलं आणि तिनं हात घातला तर पुंगळी. तिला तेव्हा तिसरा महिना होता. ती ओरडली नाही. मला समोर बसवून तिनं विचारलं की हे पकडलं गेलं तर काय होईल. मी म्हणालो, काही नाही, रिकामी तर आहे. ती म्हणाली, "तू त्यांना ते समजावून सांगेपर्यंत आपला व्हिसा कॅन्सल झालेला असेल. मी बाळ घेऊन कुठे जाऊ?" मी शब्द दिला. पुंगळ्या आणणार नाही, आणलेल्या टाकून देईन. तिच्या पोटावर हात ठेवून दिला. तीन आठवडे पाळला.

मग पुन्हा सुरू. आता सगळं चोरून करायचं असल्यामुळे मी फारच हुशार झालो होतो. ती उशिरा येते त्या दिवशी धुवायचं. टेक्सासच्या म्हाताऱ्याकडे पुंगळ्या चकचकीत करायचं यंत्र होतं, माझ्याकडे नव्हतं, पण माझ्याकडे आई होती. आई घरची पितळेची समई आणि तांब्या चिंच-मिठानं घासायची. मी बायकोच्या बरणीतली मूठभर चिंच भिजवून कोळ काढला आणि त्यात पुंगळ्या टाकल्या. तासाभरात सोन्यासारख्या. मला केवढा अभिमान वाटला. अमेरिकेत जे कुणाला सुचलं नाही ते मला सुचलं, असं मनात घोळवत मी एकटाच स्टोअररूममध्ये बसलो होतो. पुंगळ्या काढल्या की पाण्यावर करडा, तेलकट साय धरायची आणि जळक्या काडीचा नि चिंचेचा मिळून एक वास यायचा, नाकात बसणारा. साय मी जुन्या चहाच्या गाळणीतून काढून टाकायचो आणि खालचा तपकिरी कोळ पुढच्या वेळेसाठी एका स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये सगळ्यात मागे, लोणच्याच्या बरणीआड ठेवायचो. तीनतीन, चारचार खेपा तोच कोळ. चिंच महाग होती म्हणून नव्हे. पुन्हा पुन्हा भिजवायचा कंटाळा.

सातव्या महिन्यात आई आली, व्हिजिट व्हिसावर, बाळंतपणासाठी. बायकोची आई माझ्या सासऱ्यांच्या आजारपणामुळे येऊ शकत नव्हती. आईनं दोन दिवसांत स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. फ्रिज रिकामा करून पुसला, बरण्यांना जागा ठरवून दिल्या. मी पुंगळ्या गाडीच्या डिकीत हलवल्या होत्या. त्या डब्याची मला आठवण होती. रोज सकाळी कॉफीचं दूध काढताना तो दिसायचा आणि रोज मी म्हणायचो, आज संध्याकाळी टाकतो.

तो शनिवार होता, दुपारची जेवणाची वेळ. बायकोला सकाळपासून आंबट खावंसं वाटत होतं, आणि ते तिनं आईला सांगितलं होतं. मी भाजी घेऊन वर आलो तेव्हा ती टेबलावर बसून जेवायला लागलेली होती. तिला तेव्हा भूक धरवत नसे. मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावर तो डबा धुऊन पालथा घातलेला दिसला.

डब्यातलं काय केलंस, मी आईला विचारलं. आई पोळीवर तूप लावत होती. म्हणाली, "चिंचेचा कोळ होता ना, सूनबाईनं केलेला. वाया कशाला घालवायचा? आमटीत घातला. हिला आंबटच हवं होतं."

मी पुढे हे स्वतःला खूपदा सांगून पाहिलं की तोवर ती जेवून उठली होती. उठली नव्हती. तिनं फार तर चार घास खाल्ले असतील. टेबल स्वयंपाकघरापासून सहा पावलांवर होतं. मला फक्त तिथे जाऊन तिच्यापुढची वाटी उचलायची होती.

मी गेलो आणि माझ्या खुर्चीवर बसलो. डोक्यात काय चाललं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतं. आधी आलं की आईसमोर बोलणार कसं. मग आलं की पुंगळ्यांचं सांगावं लागेल, पोटावर हात ठेवून दिलेल्या शब्दाचं निघेल, दुपार वाया जाईल. मग आलं की एवढ्याशा कोळानं काय होतंय, एवढ्या मोठ्या पातेल्यात. आणि हे सगळं चालू असताना आईनं माझ्या ताटात वाटी ठेवली. आमटीचा रंग नेहमीसारखाच होता, वर फोडणीचा कढीपत्ता तरंगत होता. माझ्या तोंडून निघालं, "आई, मला आमटी नको. पोट जरा बरं नाही. दहीभात दे."

हे बोलायला मला एक क्षणही लागला नाही. तिला थांबवायला जे धैर्य हवं होतं ते शोधत मी बसलो होतो, आणि माझी वाटी बाजूला सारायला मात्र शोधाशोध करावी लागली नाही.

बायकोनं दुसरी वाटी घेतली. भाताबरोबर नाही, नुसतीच, तोंडाला लावून. आई, आज एकदम मस्त झालीय, म्हणाली. आईनं माझ्या वाटीतली आमटी आपल्या भातावर ओतली, अन्न टाकायचं नाही म्हणून. मी दहीभात खाल्ला. दुसऱ्यांदाही घेतला, कारण न घेता उठलो असतो तर पोटाला काय झालं म्हणून चौकशी झाली असती. दही गोड होतं, हेही मला आठवतं. स्वतःच्या जिभेची इतकी घाण मला कधीच वाटली नव्हती.

जेवणानंतर पातेल्यातली उरलेली आमटी मी सिंकमध्ये ओतली आणि हातातून निसटली असं सांगितलं. आई हळहळली. मग मी बाथरूममध्ये नळ सोडून फोनवर वाचत बसलो. शिसं आईच्या रक्तातून बाळाकडे जातं, गर्भाशयातली वार त्याला अडवत नाही, एवढं वाचून मी फोन बंद केला. पाच मिनिटांनी पुन्हा उघडला.

त्यानंतरचे चार दिवस मला त्या दुपारपेक्षाही किळसवाणे वाटतात. कारण त्या चार दिवसांत मी फार गोड नवरा झालो होतो. ऑफिसातून येताना संत्री, खजूर, दूध. जिथे तिथे वाचलं होतं की कॅल्शियम चांगलं, लोह चांगलं, म्हणून पालक, म्हणून तीळ. मी स्वतः तिचे पाय चेपून दिले. ती खूश होती. रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर तिनं तिच्या बहिणीला सांगितलं की हा बाप व्हायच्या आधीच किती बदललाय. आई शेजारी बसून कौतुकानं मान हलवत होती. मी कॅमेऱ्यात हसलो.

पाचव्या दिवशी तपासणी होती. डॉक्टर केरळची, पन्नाशीची, मोजकं बोलणारी. बायको वजन करायला आत गेली तेवढ्यात मी विचारलं की रक्तातलं शिसं तपासता येतं का. आमच्या गोदामात बॅटऱ्या असतात, कंपनीनं सर्क्युलर काढलंय, असं काहीतरी रचलं. तिनं विचारलं, शिशाशी संबंध कुणाचा आला, तुमचा की यांचा. मी म्हणालो, माझा. मग तुमचं रक्त तपासू, ती म्हणाली. मी म्हणालो, तिचंही करा. तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. का ते पेशंटला माहीत नसताना मी पेशंटचं रक्त घेणार नाही, असं तिनं इंग्रजीत शांतपणे सांगितलं. तुम्ही सांगता, की मी तुमच्यासमोर विचारू?

म्हणजे मी आपणहून बोललो नाही. मला कोपऱ्यात घेतल्यावर बोललो.

क्लिनिकच्या पार्किंगमध्ये, गाडीत, एसी चालू ठेवून मी तिला सांगितलं. आधी पुंगळ्या पुन्हा आणल्या ते. मग चिंच. मग डबा, मग आमटी. दहीभाताचं मी गाळलं. तेवढं वगळलं तर ही एक चूक होती, कुणाकडूनही होईल अशी, आणि ती मला तशीच तिच्यापुढे ठेवायची होती. ती समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होती. दोन्ही हात पोटावर होते. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी म्हणालो, नंतर.

"नंतर नाही," ती म्हणाली. "तू आमटी घेतली नाहीस. तू दहीभात मागितलास."

मी हो म्हणालो. ती गाडीतून उतरली, एका हातानं कंबर धरून परत आत गेली आणि रक्त देऊन आली. घरी येताना मागच्या सीटवर बसली.

आईलाही तपासायला हवं होतं, म्हणून तिलाही सांगावं लागलं. ते बायकोनंच सांगितलं, तीन वाक्यांत. आईनं आधी माझीच बाजू घेतली. म्हणाली, अगं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत असणार, मीच मेलीनं न विचारता घातला. बायको म्हणाली, "आई, त्याला माहीत होतं. तुम्ही वाढत होतात तेव्हा माहीत होतं." आई माझ्याकडे वळली. मी नाही म्हणेन याची ती वाट बघत होती. मग ती उठली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेली. बराच वेळ ती आत आली नाही.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. दोघींच्या रक्तात शिसं होतं, डॉक्टरला नको होतं त्याहून थोडं जास्त, पण औषध देऊन काढावं लागेल इतकं नाही. तिघांत सगळ्यात जास्त माझ्या रक्तात निघालं. ज्यानं आमटीला बोट लावलं नाही त्याच्या. डॉक्टर म्हणाली, हे एका जेवणाचं नाही, बऱ्याच दिवसांचं आहे, तुम्ही हात धुवत नसाल. मला आश्चर्य वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचाही मग तिरस्कार आला.

डिकीतल्या पुंगळ्या मी क्लबवर नेऊन परत दिल्या. पेशावरच्या माणसानं पिशवी हातावर तोलली. तक्रार केली असती तर माझं काहीही झालं असतं. तो एवढंच म्हणाला की मागितल्या असत्या तर कीचेनसाठी दोन दिल्या असत्या, चोरायला कशाला हव्या होत्या. मग पिशवी भंगाराच्या पिंपात उपडी केली. मुठी मी कचऱ्यात टाकल्या. अकराच्या अकरा, पण एका दिवशी नाही. शेवटची टाकायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत ती माझ्या ऑफिसच्या खणात होती आणि फोनवर बोलताना हात आपसूक तिच्याकडे जायचा. सगळं कळूनसुद्धा.

पुढच्या तपासणीत आकडा उतरला होता, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. मुलगी वेळेवर झाली, वजन चांगलं, रडणं खणखणीत. नाळेतलं रक्त तपासलं, तेही ठीक आलं. डॉक्टर म्हणाली, आता काळजीचं कारण नाही. आईनं पेढे वाटले. ज्यांना थोडंफार माहीत होतं ते सगळे म्हणाले, झालं गेलं, खलास, आता विसरा. सासऱ्यांनी तर फोनवर माझीच समजूत घातली.

बायको सोडून गेली नाही. लोक असल्या गोष्टीसाठी सोडून जात नाहीत. इथे दोन पगारांचं भाडं असतं, नर्सरीची फी असते, आणि खरं म्हणजे आम्ही बोलतो, हसतो, शुक्रवारी खाडीवर मुलीला झोके द्यायला नेतो. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसणार नाही. मुलगी आता अडीच वर्षांची आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि दिवसभर बडबडते.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचं नवीन आलेलं जोडपं जेवायला बोलावलं होतं. कोल्हापूरचं, नुकतंच लग्न झालेलं. ताटं वाढून झाली, मुलगी उंच खुर्चीवर बसली, समोर तिचा छोटा बाऊल. पाहुण्यांनी हात पुढे केला आणि मुलगी म्हणाली, "नो, नो. बाबा फर्स्ट."

पाहुणी चकित झाली. मग तिच्या लक्षात आलं की बायकोही थांबलीय. म्हणाली, किती छान वाटलं, परदेशात राहूनसुद्धा तुमच्याकडे घरातल्या पुरुषानं आधी जेवायची पद्धत अजून आहे, आमच्या सासूबाईंना सांगायला हवं. तिचा नवरा कौतुकानं माझ्याकडे बघत होता.

"हो," बायको म्हणाली. "आमच्याकडे आधी हा खातो."

ताटात जे जे वाढलेलं होतं, भाजी, वरण, कोशिंबीर, त्या प्रत्येकातला एकेक घास मी खाल्ला. मुलगी तोंड उघडून बसली होती. बायको चमचा हातात धरून माझ्या गळ्याकडे बघत होती. मी गिळलं, मग तिनं तिला भरवायला सुरुवात केली.